पाय मोजले, बरगड्या राहिल्या

पेझोसायरन या मॅनॅटीच्या म्हणजे समुद्रगायीच्या नामशेष नातलगाचं चित्र दाखवलं की हमखास शेरा येतो: "चार पाय आहेत की! जमिनीवरचं जनावर उगाच मॅनॅटीच्या घराण्यात घुसडलंय." सगळ्यांचं लक्ष पायांवर. बरगड्यांकडे बघायला कुणाला सवड नाही.

गैरसमज: पाय होते, म्हणजे पाण्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: पश्चिम जमैकात सेव्हन रिव्हर्स इथे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत पेझोसायरनची हाडं मिळाली. जीवाश्मशास्त्रज्ञ डॅरिल डॉमनिंग यांनी २००१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यांचं वर्णन केलं. लांबी २ मीटरहून थोडी जास्त, अंगलट डुकरासारखी. पाठीचा कणा कमरेच्या हाडांशी पक्का जोडलेला. म्हणजे अंगाचा भार पायांवर पेलून ते चालत होतं, हे कबूल. पण मटणातली बरगडी मोडून बघा, आत जाळी दिसेल. पेझोसायरनच्या बरगड्या जाडजूड आणि भरीव. जमिनीवर हे ओझं कोण कशाला वाहील? कोळी जाळ्याच्या तळाला शिसं लावतात ना, तेच काम या बरगड्यांचं: अंग पाण्याखाली ठेवायचं. मॅनॅटीच्या बरगड्या आजही अशाच असतात. पेझोसायरनच्या नाकपुड्याही मागे सरकलेल्या. डॉमनिंग यांच्या मते ते पाणमांजरासारखं कणा वरखाली हलवत, मागचे पाय मारत पोहत असावं.

मग लगेच दुसरा प्रश्न: "मॅनॅटीचे पाय गेले कुठे?" अहो, पुरते गेलेले नाहीत. मॅनॅटीच्या मांसात कमरेच्या हाडांचे अवशेष अजून आहेत. पुढच्या पायांची वल्ही झाली, पण फ्लोरिडातल्या मॅनॅटीच्या वल्ह्यांवर नखं शिल्लक आहेत. पोहायला नखं कशाला लागतात, तेवढं मला सांगा.

उरलेले गैरसमज थोडक्यात:

"मॅनॅटी देवमाशाची बहीण." नाही. देवमासा पाणघोड्याच्या गोतातला, मॅनॅटी हत्तीच्या.

"पेझोसायरन मॅनॅटीची सख्खी पणजी." पणजी नव्हे, आधीच वेगळ्या झालेल्या शाखेतली चुलत नातलग.

"पेझोसायरनचा सांगाडा जुळवलेला आहे, म्हणजे बनावट." जुळवलेला आहेच, एकाच जातीच्या अनेक जनावरांच्या खऱ्या हाडांवरून. पोथीची फाटलेली पानं दुसऱ्या प्रतीवरून भरून घेतली, तर पोथी खोटी होते का?