प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचे स्वावलंबन : अन्नवस्त्रापासून हक्कापर्यंत

25 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या भूमीवर मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ग्रंथाने शूद्रांवर आणि स्त्रियांवर लादलेल्या निर्बंधांची चर्चा आपल्या सभा-संमेलनांतून नेहमी होते. त्याच्या नवव्या अध्यायातील एका तरतुदीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. जन्मांध, बहिरे, मुके, वेडे आणि 'जड', म्हणजे मंदबुद्धी, अशा व्यक्तींना वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाही, असे तो ग्रंथ सांगतो. आणि लगेच पुढे त्यांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे, असेही सांगतो. म्हणजे पोट भरावे, अंग झाकावे. पण माणूस म्हणून हिस्सा मात्र देऊ नये.

ही विचारसरणी त्या अग्नीत पूर्णपणे जळाली नाही. पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, इंग्रज सरकारने शारीरिक दोषांमुळे वारसा नाकारण्याची प्रथा बंद करणारा कायदा केला. परंतु जन्मापासून वेडा किंवा मतिमंद असलेल्या व्यक्तीला त्यातून स्पष्टपणे वगळले. हिंदू कोड बिल रखडल्यामुळे बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलाचे तुकडे होऊन जे कायदे झाले, त्यांपैकी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 ने कोणताही रोग, दोष वा व्यंग हे वारसा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे ठरविले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तेव्हा वडिलांच्या पश्चात वारसनोंद करताना 'त्याला काय कळते?' म्हणून एखाद्या मतिमंद भावाचे किंवा बहिणीचे नाव गाळणे, म्हणजे ज्या ग्रंथाचे आपण दहन केले त्याचाच निवाडा आपल्या घरात अमलात आणणे होय.

हे कोण आहेत?

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी या अवस्था जन्मतः किंवा बालपणी मेंदूच्या वाढीशी निगडित कारणांनी निर्माण होतात व आयुष्यभर सोबत राहतात. मानसिक आजार ही वेगळी बाब आहे; तो कोणत्याही वयात होऊ शकतो आणि औषधोपचाराने आटोक्यात येऊ शकतो. बौद्धिक दिव्यांगत्वावर बरे करणारे औषध नाही. म्हणून देवर्षी, अंगारे, नवस यांवर होणारा खर्च व्यर्थ आहेच. पण 'पूर्वजन्मीचे पाप' ही समजूत त्याहून घातक आहे, कारण ती आईला अपराधी ठरवते आणि मुलाला लपवून ठेवते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मातील दुःख ठरते हा सिद्धांत नाकारला आहे. ज्या घरात दिव्यांग मूल आहे, त्या घराला या प्रतिपादनाचे मोल अधिक कळावे.

औषध नसले तरी शिक्षण आहे. लहानपणी विशेष शाळेत जाण्याची संधी हुकली, तरी पंचविसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षीही माणूस नवे कौशल्य शिकू शकतो. 'आता या वयात काय शिकणार?' हा प्रश्न आपल्या प्रौढ साक्षरता वर्गांनी केव्हाच निकालात काढला आहे.

चूळपंथकाचे वस्त्र

पाली अट्ठकथांमध्ये चूळपंथक नावाच्या भिक्खूची कथा आहे. चार महिने प्रयत्न करूनही त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक याने त्याला संघ सोडून जाण्यास सांगितले. तथागतांनी मात्र त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि मळ झटकण्याविषयीचा एक लहानसा शब्द उच्चारत ते चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. येथे गुरूने शिष्य बदलला नाही, शिकविण्याची रीत बदलली. एकच कृती, हाताने करावयाची, एकाच शब्दासह, पुन्हा पुन्हा. आजचे विशेष शिक्षक याच मार्गाने जातात.

रीत अशी. प्रथम कामाचे टप्पे पाडावेत. 'अंघोळ कर' ही आपल्याला एक सूचना वाटते. शिकणाऱ्यासाठी ती निदान सात कामे आहेत : बादलीत पाणी घेणे, कपडे काढणे, अंगावर पाणी घेणे, साबण लावणे, तो धुऊन टाकणे, अंग पुसणे, कोरडे कपडे घालणे. यांपैकी कोणता टप्पा जमतो व कोणता अडतो, हे आठवडाभर पाहून लिहून ठेवावे. मग एका वेळी एकच टप्पा शिकवावा. पुष्कळदा शेवटच्या टप्प्यापासून आरंभ करणे हिताचे असते. पँट घालताना ती गुडघ्यापर्यंत आपण चढवावी आणि पुढचे ओढणे त्याच्यावर सोपवावे. काम पूर्ण केल्याचे समाधान त्याला पहिल्याच दिवशी मिळते. ते जमले की त्याआधीचा टप्पा त्याच्याकडे द्यावा.

मदत क्रमाने कमी करावी. आरंभी हात धरून, नंतर करून दाखवून, मग बोटाने खूण करून, शेवटी केवळ शब्दाने. घरातील सर्वांनी एकाच कामासाठी एकच शब्द वापरावा. आईने 'तोंड धू' आणि काकांनी 'आवरून घे' म्हटले तर त्याचा गोंधळ उडतो. ज्यांना बोलणे नीट उमगत नाही, त्यांच्यासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. स्वमग्न व्यक्तीला तर ठरलेल्या क्रमाचाच आधार असतो. बदल होणार असेल तर तो आदल्या दिवशी सांगावा.

निवासी शाळेत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. घंटा, रांग, अंथरूण घडी करणे, आपले ताट आपण धुणे या रोजच्या क्रमानेच घर सोडून आलेली लहान मुले स्वतःच्या पायावर उभी राहिली. येथे फरक एवढाच की, महिन्याचे काम वर्षभर चालेल.

स्वतःचे आवरता येऊ लागले की घरच्या कामात वाटा द्यावा. तांदूळ निवडणे, भांडी घासणे, गुरांना पाणी पाजणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, दुकानातून ठरलेली एक वस्तू आणणे ही कामे आपल्या वाड्यावस्त्यांत सहज उपलब्ध आहेत. शहरातील महागड्या केंद्रांना जे कृत्रिमरीत्या उभारावे लागते, ते येथे अंगणात आहे.

मदत आणि मान

जी मदत माणसाकडून निर्णय काढून घेते, ती कितीही मायेची असली तरी गुलामी आहे. कोणता सदरा घालू, भाकरी हवी की भात, आज समाजमंदिरात जायचे की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्याने द्यावीत. तिशीतील माणसाला 'बाळ्या' किंवा 'येडा' म्हणू नये. त्याच्या नावाने हाक मारावी, आणि लहानांनी त्याला दादा, काका म्हणावे. अंघोळीच्या व कपडे बदलण्याच्या वेळी आडोसा असावा. आपल्या शरीराला कोणी हात लावावा आणि कोणी लावू नये, हे त्याला व तिला स्पष्ट शब्दांत शिकवावे. अत्याचारापासून बचावाचा तो पहिला उपाय आहे.

शिक्षणाऐवजी सोय पाहिली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. शिरूर येथील शासकीय निवासगृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये 1994 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे करण्यात आले. स्त्री-संघटनांनी विरोध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. पॅड बदलणे हीदेखील टप्प्याटप्प्याने शिकविता येणारी कृती आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने संमतीवाचून वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया निषिद्ध ठरविली आहे.

आमच्यानंतर कोण?

प्रत्येक आईवडिलांच्या मनात हा प्रश्न असतो. आपल्या भागात तो अधिक तीव्र आहे. कमावती पिढी मुंबईला, गावी वृद्ध आई आणि तिचा प्रौढ मुलगा, असे चित्र महाड-पोलादपूरच्या वाड्यांना अनोळखी नाही. विशेष शाळांचा आधारही साधारण अठराव्या वर्षी संपतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे अनाथ दिव्यांगांना आपले नाव देणारे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, 2024) यांनी नेमका हाच प्रश्न वर्षानुवर्षे शासनापुढे मांडला : अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून या मुलांनी जायचे कुठे? डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभारले. मुळशी तालुक्यात कोळवण येथे 'साधना व्हिलेज'मध्ये प्रौढ मतिमंद व्यक्ती कुटुंबासारख्या घरांतून राहतात व काम करतात. माणसे एकत्र आली तर काय घडू शकते, याची ही उदाहरणे आहेत.

कायद्याचे साहाय्यही घ्यावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र हा पहिला दाखला. त्याच्या आधारे तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करता येतो आणि एसटी प्रवासात सवलत मिळते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' योजनेतून वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. याच कायद्यानुसार अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. शासकीय सेवेतील माजी विद्यार्थ्यांनी अशा अपत्याची नोंद आपल्या सेवापुस्तकात वेळीच करावी. त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्यास ती उपयोगी पडते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारावा.

जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले, तळियेवर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. सूचना मिळाली तरी घर सोडायचे का, हे ज्याला उमगत नाही आणि अनोळखी माणसाचा हात ज्याला सहन होत नाही, त्याचे अशा रात्री काय होईल? जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवावी, असे 2016 चा कायदा सांगतो. आपल्या गावची यादी आपण तयार करून द्यावी. प्रत्येकासाठी दोन शेजारी नेमावेत, गळ्यात नाव व दूरध्वनी क्रमांकाचे कार्ड असावे आणि पावसाळ्यापूर्वी पिशवी उचलून समाजमंदिरापर्यंत जाण्याचा सराव त्यांच्याकडून चार-पाच वेळा करून घ्यावा. सरावाने जे अंगवळणी पडते, तेच भीतीच्या क्षणी आठवते.

चवदार तळ्याचा सत्याग्रह हा केवळ पाण्यासाठी नव्हता. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी होता. आपल्याच घरात, आपल्याच वाडीत ज्यांना अजून ही ओळख मिळालेली नाही, त्यांच्याबाबत आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे प्रत्येकाने तपासावे. माजी विद्यार्थ्यांनी यंदा गावी आल्यावर अशा एका घरी जावे, त्या आईच्या कागदपत्रांची एक फेरी आपण करावी आणि तिच्या मुलाशी, तो प्रौढ माणूस आहे हे ध्यानात ठेवून, बोलावे.