तंजावरी घरात स्मृतिभ्रंश येतो तेव्हा

कुंभकोणमच्या पश्चिमेला, स्वामीमलैच्या शेजारी तिरुवलंचुळी आहे. इथला श्वेत विनायक समुद्राच्या फेसाचा, अशी श्रद्धा. म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक होत नाही, कापराची बारीक पूड वाहतात. या पंचक्रोशीत तंजावरी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तंजावरचं मराठी राज्य १८५५मध्ये संपलं, पण घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ ही रीत टिकली. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव अशाच घरात १८२८मध्ये कुंभकोणमलाच जन्मले.

अशा घरातल्या आजीला स्मृतिभ्रंश झाला तर भाषेचा प्रश्न लवकर पुढे येतो. समोरची बाई तमिळ आहे, हे भान सुटतं आणि आजी तिच्याशी मराठीत बोलू लागते. नंतर शिकलेली भाषा अनेकांच्या बाबतीत आधी विरळ होते. मुलं चेन्नईला किंवा परदेशात, सांभाळायला ठेवलेली बाई तमिळ. आजीला पाणी हवंय की पोटात दुखतंय, ते कळत नाही आणि तिच्या चिडण्याला ‘हट्टीपणा’ म्हटलं जातं. माझ्या मते सांभाळणाऱ्या बाईला पगार ठरवतानाच पाणी, भूक, दुखणं, संडास, भीती यांचे घरातले मराठी शब्द तमिळ लिपीत लिहून द्यावेत. औषधांच्या यादीइतकाच तो कागद गरजेचा आहे.

दोन भाषांचा फायदाही दिसला आहे. हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. निरक्षरांमध्येही हा फरक होता. पण उशिरा येणं म्हणजे टळणं नव्हे. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे.

स्मृतिभ्रंश हा लक्षणांचा समूह. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. अल्झायमरमध्ये ताज्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर बाधित होतो. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही, माहेरची विहीर आठवते. थायरॉइडची कमतरता, ‘बी-१२’चा अभाव आणि नैराश्य यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून ‘वय झालं’ म्हणण्याआधी तपासण्या करायलाच हव्यात. डोनेपेझिलसारखी औषधं काहींना थोडा काळ आधार देतात, आजार थांबवत नाहीत.

संध्याकाळी आजी म्हणते, ‘मला घरी जायचंय.’ ‘हेच तुझं घर’ असं दहा वेळा सांगितल्याने तिचं भय दहा वेळा वाढतं. तिच्या हरवलेपणाला उत्तर द्यावं: हात धरावा, दिवे लवकर लावावेत, माहेराबद्दल विचारावं, अंगणात एक फेरी मारावी. स्तोत्रं, भजनं, हात जोडणं या मुरलेल्या सवयी पुष्कळ काळ टिकतात. देवळात जरूर न्यावं, पण चतुर्थीच्या गर्दीत नव्हे. साध्या दिवशी सकाळी न्यावं आणि तिच्याजवळ नाव व फोन नंबर तमिळमध्ये लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. हात सुटला तर विचारणारा माणूस तमिळच असेल.

गोंधळ एक-दोन दिवसांत एकाएकी वाढला तर तो आजाराचा पुढचा टप्पा समजू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा एखादं नवं औषध यांमुळे असं होतं. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावं. शांत ठेवणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नयेत. अशा काही औषधांनी या वयात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो.

कागदपत्रं सुरुवातीलाच उरकावीत. साधं मुखत्यारपत्र, देणाऱ्याची समज गेल्यावर आपल्या कायद्यात टिकत नाही. मृत्युपत्र आणि बँकेचं संयुक्त खातं आजीला कळतंय, तिची इच्छा सांगता येतेय, तोवरच करायचं.

आणि सांभाळणारी व्यक्ती? बहुतेक घरांत ती सून किंवा लेक असते. तिची झोप, पाठ आणि मन या तिन्हींवर वर्षानुवर्षं भार पडतो. १९९२पासून काम करणारी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ आणि चेन्नईची ‘स्कार्फ’ ही मानसिक आरोग्य संस्था यांच्याकडे कुटुंबांना मार्गदर्शन मिळतं. दूरच्या भावंडांनी पैसे पाठवावेतच, पण दर काही महिन्यांनी स्वतः येऊन आठवडाभर रात्रीची पाळीही घ्यावी, म्हणजे वहिनीला किंवा बहिणीला सलग झोप मिळेल.