दुर्बीण घ्यायचीय? आधी ती उचलून बघा!

मोठा आरसा म्हणजे जास्त तारे, हे शंभर टक्के खरं. पण तो आरसा मुंबईहून दाभोशापर्यंत नेणार कोण? आणि तिथं नेल्यावर त्यातून बघणार कोण? पैसे भरण्याआधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारा.

दाभोसा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पावसाळा, रेनकोट, रील्स आणि सुमारे तीनशे फुटांवरून कोसळणारं लेंडी नदीचं पाणी. जुलै-ऑगस्टच्या रविवारी तिकडं गाडी लावायला जागा मिळत नाही. दिवाळीनंतर मात्र धार बारीक होते आणि गर्दीही आटते. नेमकं तेव्हाच दाभोशाचं दुसरं रूप दिसायला लागतं. ते बघायला रात्री मान वर करावी लागते, एवढंच.

मुंबईत आपण मोजून वीस-पंचवीस तारे बघतो. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात अमावास्येच्या आसपास गेलात, तर ओळखीची नक्षत्रंसुद्धा पटकन सापडत नाहीत, कारण मध्ये तारेच इतके असतात! पूर्वेला क्षितिजालगत नाशिकचा आणि वायव्येला वापी-सिल्वासाचा उजेड थोडा जाणवतो. डोक्यावर मात्र काळोख. मग साहजिकच मनात येतं, इथं एक मोठी दुर्बीण पाहिजे राव!

आमच्याही मनात तेच आलं. आम्ही पाच जण, सगळे कॉलेजवाले. पार्ट टाइम कामाचे आणि बक्षिसाचे पैसे जमवून दुर्बीण घ्यायचं ठरलेलं. वाद एकच होता, ८ इंची की १२ इंची? चार मतं १२ला आणि एक ८ला. शेवटी ओळखीच्या एका हौशी दादांनी त्यांची १२ इंची दुर्बीण एका रात्रीसाठी दिली. जानेवारीत ती घेऊन आम्ही दाभोशाजवळ एका वर्गमित्राच्या घरी गेलो. परत आलो तेव्हा मतं उलटली होती. का, ते सांगते. पण आधी हे इंच म्हणजे काय ते बघू.

इंच कशाचे?

दुर्बीण विकणारे बऱ्याचदा खोक्यावर '५०० पट मोठं दाखवते' असं छापतात. तिकडं लक्षच देऊ नका. दुर्बिणीचं पहिलं काम वस्तू मोठी दाखवणं हे नाही, प्रकाश गोळा करणं हे आहे. पावसात वाटी ठेवली तर थोडं पाणी जमतं, परात ठेवली तर जास्त. तसंच हे. परावर्ती दुर्बिणीत तळाशी एक अंतर्वक्र आरसा असतो. तो आलेला प्रकाश एकत्र करून वरच्या छोट्या तिरप्या आरशावर टाकतो आणि तिथून तो बाजूच्या आयपीसमधून तुमच्या डोळ्यात येतो. न्यूटननं १६६८ मध्ये केली तीच ही रचना. ८ इंच, १० इंच म्हणजे या तळच्या आरशाचा व्यास.

अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. त्याच्या तुलनेत ८ इंची आरसा सुमारे ८४० पट प्रकाश गोळा करतो आणि १२ इंची सुमारे १९०० पट. म्हणजे १२ इंची ही ८ इंचीच्या सव्वादोन पट. फरक दिसतोच. विशेषतः ताऱ्यांचे गोलाकार गुच्छ आणि अंधूक दीर्घिका बघताना.

आता मोठेपणाचं गणित. आरशाच्या फोकल लेंथला आयपीसच्या फोकल लेंथनं भागायचं, की झालं. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५चं आयपीस लावलं तर ४८ पट आणि १०चं लावलं तर १२० पट. आपल्याकडची हवा बहुतेक रात्री २००-२५० पटीच्या पुढं साथ देत नाही. त्यापुढं चित्र मोठं होतं, पण पातळ खिरीसारखं.

संन्याशाची दुर्बीण

एवढा मोठा आरसा परवडतो तो एका माणसामुळे, जॉन डॉबसन. बीजिंगमध्ये १९१५ साली जन्मलेला हा माणूस १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे आपल्या रामकृष्ण परंपरेच्या मठात दाखल झाला. तिथं राहून त्यानं जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या आणि प्लायवूडच्या खोक्यावर दुर्बिणी बसवल्या. या नादापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग तो फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शनी दाखवू लागला.

त्याच्या नावावरून या प्रकाराला डॉबसोनियन म्हणतात, बोलताना नुसतं डॉब. खाली गोल फिरणारा पाट, त्यावर खोकं, खोक्यात नळी. मोटर नाही, बॅटरी नाही, वीज नाही. हातानं ढकलायची. तुमचा पैसा यंत्रात न जाता आरशात जातो.

तोटेही ऐका. पृथ्वी फिरते, त्यामुळे १२० पटीवर गुरू दीड-दोन मिनिटांत नजरेतून निसटतो आणि दुर्बीण सारखी हलकेच सरकवावी लागते. इन्स्टावर दिसतात तसे दीर्घिकांचे फोटो यातून निघणार नाहीत. डोळ्यालाही ते रंग दिसत नाहीत. देवयानी दीर्घिका दिसेल ती राखाडी धुक्यासारखी. मात्र तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे कळल्यावर त्या धुक्यावरून नजर हटत नाही. चंद्राचा फोटो आयपीसला मोबाइल लावून मस्त येतो.

घाटात काय झालं?

आता आमची जानेवारीची गोष्ट. १२ इंचीची सलग नळी जवळपास पाच फूट लांब. छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर ती आडवी बसेना. काळी-पिवळीवाल्या काकांनी विचारलं, "तोफ आहे का ताई?" शेवटी एकाच्या मामांची मोठी गाडी मिळाली. नळी आणि खोकं मिळून साधारण चाळीस किलो. गाडीपासून अंगणापर्यंत न्यायला चार जण लागले.

मनोर, विक्रमगड करत जव्हारला पोचेपर्यंत वळणांनी आणि खड्ड्यांनी आरसे हलले होते. पहिलाच तारा बघितला तर त्याला धूमकेतूसारखी शेपटी! मग टॉर्च धरून मागचे स्क्रू फिरवत आरशांची जुळणी केली. याला कॉलिमेशन म्हणतात आणि ते प्रवासानंतर दर वेळी करावंच लागतं. शिवाय मोठा जाड आरसा बाहेरच्या थंडीशी जुळवून घ्यायला तासभर घेतो, तोवर चित्र थरथरतं. आम्ही नऊला पोचलो आणि नीट बघायला सुरुवात झाली साडेअकराला.

पण दिसलं ते भारी होतं, खोटं कशाला बोलू? मृग नक्षत्रातला तेजोमेघ पंख पसरल्यासारखा दिसत होता. आम्ही मित्राच्या आजीला सांगितलं, आजी, तुमच्या मृगात बघा काय आहे. जूनच्या सुरुवातीला सूर्य मृगात येतो, तेव्हा आजींच्या घरी पेरणीची घाई असते. तोच मृग थंडीत रात्रभर आभाळात असतो, हे आजींना आम्ही सांगायची गरजच नव्हती.

अडचण वेगळीच झाली. गुरू तेव्हा जवळपास डोक्यावर होता. दुर्बीण सरळ उभी केली की आयपीस जमिनीपासून साडेचार फुटांच्या वर. आजींची उंचीच तेवढी. स्टूल आणलं, पण अंधारात, शेणानं सारवलेल्या अंगणात, सत्तरीच्या बाईला स्टुलावर चढवायची आमची हिंमत झाली नाही. पाड्यावरची बारकी पोरंही टाचा उंच करून थकली. आजी म्हणाल्या, "तुम्ही बघा, मी झोपते." सव्वादोन पट प्रकाश गोळा करणारी दुर्बीण दारात होती आणि घरातल्या माणसानं त्यातून काहीच बघितलं नाही.

परतताना गाडीत कुणीच फार बोललं नाही.

मग कोणती घ्यावी?

तुमचं उत्तर आमच्यापेक्षा वेगळं असू शकतं. म्हणून पर्याय बघा.

*६ इंची.* सगळ्यात हलकी, एकट्यानं नेता येते. काही छोट्या प्रकारांना टेबल लागतं, ते पाड्यावर मिळेल का याचा विचार करा. चंद्र, शनीची कडी, गुरूचे चार चंद्र, ठळक गुच्छ, एवढं नक्की.

*८ इंची.* फोकल लेंथ बहुधा १२०० मिलिमीटर, नळी सुमारे चार फूट, सगळं मिळून वीस-पंचवीस किलो, पण दोन तुकड्यांत. मागच्या सीटवर नळी आडवी बसते. आयपीस जास्तीत जास्त पावणेचार-चार फुटांवर येतं. पाचवी-सहावीतलं मूल उभं राहून बघू शकतं. किंमत साधारण एका चांगल्या लॅपटॉपएवढी.

*१० इंची.* गंमत अशी, की हिची नळी ८ इंचीइतकीच लांब असते, फक्त जाड आणि वजनदार. दोन धडधाकट माणसं आणि गाडी कायम असेल तर उत्तम मधला मार्ग. जुळणी मात्र जास्त काटेकोर लागते.

*१२ इंची आणि पुढे.* घ्यायचीच तर सरकत्या दांड्यांची किंवा सुटी होणारी घ्या, सलग नळीची नको. दांड्यांभोवती काळं कापड लागतं, नाहीतर आजूबाजूचा उजेड आणि दव दोन्ही आत शिरतं. किंमत लाखाच्या पार जाते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शहराच्या उजेडावर मोठा आरसा हा उपाय नाही. तो दीर्घिकेबरोबर दिव्यांचा उजेडही तितकाच गोळा करतो. अंधूक दीर्घिका बघायच्या तर अंधेरीच्या गच्चीवरच्या १२ इंचीपेक्षा जव्हारच्या माळावरची ८ इंची कधीही सरस. म्हणून इंच वाढवण्याआधी एसटीचं तिकीट काढा. आपल्या महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अंधाराचीही किंमत असते, हे आता कुठं आपल्याला कळायला लागलंय.

मोठ्या आरशाचा नाद आपल्याकडं नवा नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८च्या सुमारास वेधशाळा उभारली. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांच्या देणगीतून तिथं डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण आली. ती कित्येक वर्षं देशातली सगळ्यात मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. दुर्बीण कितीही मोठी असो, ती वापरणारा माणूस आणि जागा नसेल तर ती हलते, हेच खरं.

घेण्याआधी बघा

खरेदीची घाई करू नका. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. मुंबईत खगोल मंडळ वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं घेत आलंय. अशा एखाद्या कार्यक्रमाला जा, दोन-तीन वेगवेगळ्या आकाराच्या दुर्बिणींतून एकच वस्तू बघा. आणि मालकाला विचारून ती एकदा उचलून बघा. हात खिशातून बाहेर काढायची तयारी असेल, तर आरसा स्वतः घासून दुर्बीण बनवणारेही महाराष्ट्रात बरेच आहेत. ६ इंची आरशापासून सुरुवात करतात. वेळ लागतो, पण कॉलिमेशनची भीती कायमची जाते.

दाभोशाला निघताना

- नोव्हेंबर ते मार्च, अमावास्येच्या आगेमागे जा.
- गावात कुणाच्या तरी ओळखीनं जा आणि मुक्कामाचं आधी सांगून ठेवा. रात्री धबधब्याच्या कड्याकडं अजिबात जायचं नाही.
- टॉर्चला लाल पतंगाचा कागद लावा. पांढऱ्या उजेडानंतर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात.
- पोचल्याबरोबर दुर्बीण बाहेर काढून ठेवा, जेवण नंतर.
- दव पुसायला आरशावर रुमाल फिरवायचा नाही. आपोआप सुकू द्या.
- दिवसा दुर्बीण सूर्याकडं कधीही वळवायची नाही. डोळा कायमचा जातो.

आम्ही शेवटी ८ इंची घेतली. मार्चमध्ये ती मागच्या सीटवर टाकून पुन्हा त्याच अंगणात गेलो. या वेळी दोघांनीच उतरवली आणि तासाभरात लावून झाली. आजी जराशा वाकल्या, एक डोळा हातानं झाकला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "बाजूला हे बारीक ठिपके कसले?"

"आजी, ते गुरूचे चंद्र."

"चार?"

"दिसतात ते चार."

आजी मागं सरल्या आणि अंधारात शेजारच्या घराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली. थोड्या वेळानं अंगणात रांग लागली. आम्हा पाच जणांचा नंबर त्या रात्री साडेअकरानंतर आला.