बोटीची मोटर घेण्याआधी पंखा ठरवा

मॉडेल बोट करायला घेतली की बहुतेक नवखे आधी मोटरच शोधतात. माझं ठाम मत आहे, सुरुवात प्रोपेलरपासून करा. टगबोटीला मोठा, सावकाश फिरणारा पंखा लागतो. रेसिंग बोटीला छोटा आणि वेगवान.

ब्रशलेस मोटरचा केव्ही म्हणजे लोड नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण ११,१०० फेरे घेते. त्या वेगाने टगचा ५० मिमीचा पंखा फिरवायला गेलात तर मोटर तापेल, बॅटरी झटक्यात उतरेल. तिथे कमी केव्हीची मोटर घ्या, नाहीतर दातेरी पट्टा लावून वेग निम्म्यावर आणा. पट्टा गिअरपेक्षा कमी आवाज करतो, म्हणून मला तोच आवडतो.

पंखा बदलताना मात्र जपून! फेरे तेवढेच ठेवले तर लागणारी शक्ती व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. ३५ मिमीच्या जागी तशाच घडणीचा ४० मिमीचा लावलात की लोड जवळजवळ दुप्पट. म्हणून बोट पाण्याच्या टबात घट्ट धरून, फुल थ्रॉटलला अँपिअर मोजा आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा स्पीड कंट्रोलर) त्याहून बऱ्यापैकी वरच्या अँपिअरचा घ्या. मोटर बसवल्यावर शाफ्ट बोटांनी फिरवून बघा, कुठेही अडकता कामा नये.