व्हॉल्व्हचा पूर्वविवर्धक आणि घनावस्था शक्तिविवर्धक : सांध्याचा विचार

श्रवणप्रयोगात जे ध्वनी श्रोत्यांना ऐकवावयाचे, ते मुद्रणापासून कानापर्यंत ज्या मार्गाने येतात त्याची चिकित्सा स्वनविज्ञानाचा अभ्यासक क्वचितच करतो. व्हॉल्व्हच्या पूर्वविवर्धकाला ट्रान्झिस्टरांचा, म्हणजे घनावस्था प्रकारचा, शक्तिविवर्धक जोडावयाचा असेल, तर निवड बहुधा वॉटांच्या आकड्यावरून अथवा ‘उबदार’, ‘कोरडा’ अशा विशेषणांवरून होते. वस्तुतः प्रश्न दोन यंत्रांच्या सांध्याचा आहे. (‘नलिका’ ह्या पर्यायापेक्षा रूढ झालेला ‘व्हॉल्व्ह’ हा शब्दच अधिक अर्थवाही होय, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी झडप हा अर्थ त्यात टिकून आहे.)

पूर्वविवर्धकाच्या बाहेर पडणाऱ्या टोकाशी जो संरोध असतो तो प्रदान-संरोध आणि शक्तिविवर्धकाच्या प्रवेशाशी असतो तो आदान-संरोध. दुसरा पहिल्याच्या निदान दहापट असावा, हा सर्वमान्य संकेत आहे. ईसीसी ८३ ह्या व्हॉल्व्हच्या धनाग्रावरून संकेत थेट बाहेर काढला, तर प्रदान-संरोध सुमारे ४० हजार ओहम भरतो. त्यापुढे १० हजार ओहमचा शक्तिविवर्धक जोडला, की विद्युत् दाबाचा जेमतेम पाचवा हिस्सा पुढे जातो, आणि ओझे वाढल्यामुळे विकृतीही वाढते. म्हणूनच कित्येक रचनांत शेवटचा टप्पा ऋणाग्र-अनुगामी पद्धतीचा ठेवतात. सहा ईसीसी ८३ वापरणारा मारांट्झ-७ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा टप्प्याचा प्रदान-संरोध हजार ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असू शकतो.

परंतु एवढ्याने निश्चिंत होणे धोक्याचे आहे. व्हॉल्व्हवरील स्थिर विद्युत् दाब पुढील यंत्रात शिरू नये म्हणून बाहेरच्या वाटेवर धारित्र बसविलेले असते. हे धारित्र आणि शक्तिविवर्धकाचा आदान-संरोध मिळून नीच कंप्रता अडविणारी गाळणी तयार होते. धारित्र ०.१ मायक्रोफॅरडचे व आदान-संरोध १० हजार ओहमचा असेल, तर १५९ हर्ट्झला ३ डेसिबलांची घट येते. आदान-संरोध १०० हजार ओहमचा असल्यास तीच घट १६ हर्ट्झपर्यंत खाली सरकते.

स्वनविज्ञानाच्या दृष्टीने ह्या आकड्यांचा अर्थ गंभीर आहे. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता १०० हर्ट्झ धरली, तर पहिल्या मांडणीत पहिला संवादी सुमारे साडेपाच डेसिबल व २०० हर्ट्झचा दुसरा संवादी सुमारे दोन डेसिबल खाली जातो. दोहोंतील अंतर अशा रीतीने तीन डेसिबलांहून अधिक बदलते. आता ‘घ’, ‘ध’, ‘भ’ ह्या मराठीतील घोष महाप्राणांनंतर येणाऱ्या स्वरात जो श्वासमिश्रित घोष असतो, त्याचे एक प्रमुख गमक म्हणजे पहिल्या संवादीचे दुसऱ्याच्या तुलनेतील प्राबल्य. ते यंत्रातच क्षीण झाले, तर ‘भार’ आणि ‘बार’ ह्यांचे भेदग्रहण तपासणाऱ्या प्रयोगात श्रोत्याच्या उत्तरात यंत्राचाही वाटा राहील. शिवाय ही हानी सहज लक्षात येत नाही. मूळ कंप्रता दुर्बळ झाली तरी कान वरच्या संवादींवरून तीच स्वरपातळी ओळखतो. आवाज केवळ ‘स्वच्छ’ वाटू लागतो, आणि त्याचे श्रेय घनावस्था यंत्राला दिले जाते!

तेव्हा ५० हजार ओहम वा अधिक आदान-संरोधाचा शक्तिविवर्धक प्रथम शोधावा. व्यावसायिक ध्वनिक्षेपणासाठी बनविलेल्या अनेक यंत्रांत तो १० ते २० हजार ओहमच असतो. असे यंत्र घेणे भागच असेल, तर पूर्वविवर्धकातील धारित्र जाणकाराकडून मोठे करून घ्यावे. १० हजार ओहमपुढे २.२ मायक्रोफॅरड घातल्यास सीमा ७ हर्ट्झच्या आसपास येते.

विवर्धनाचा आकडाही पाहिला पाहिजे. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकात १०० वॉट जाण्यास सुमारे २८ व्होल्ट लागतात. वीसपट विवर्धनाच्या यंत्राला त्यासाठी १.४ व्होल्ट पुरतात, आणि एवढे देणे व्हॉल्व्हला मुळीच जड नाही. चाळीसपट विवर्धन घेतल्यास व्हॉल्व्हची खरखर मात्र दुप्पट होऊन बाहेर येते.

व्हॉल्व्ह तापून स्थिर होईपर्यंत प्रदानावर दाबाचे हेलकावे येतात, आणि जुने धारित्र गळू लागले असेल तर स्थिर दाबही पुढे झिरपतो. प्रवेशापाशी धारित्र नसलेला घनावस्था विवर्धक तो तसाच वाढवून ध्वनिक्षेपकाकडे धाडील. संरक्षक रिले असलेले यंत्र ह्याकरिताच पसंत करावे. पूर्वविवर्धक आधी सुरू करून एखाद्या मिनिटाने शक्तिविवर्धक सुरू करावा. बंद करताना शक्तिविवर्धक आधी बंद करावा.