हिंगूळ : खलातील धूळ आणि भट्टीची वाफ

हिंगूळ हे पारा व गंधक यांचे संयुग. वजनाने त्यात सुमारे ८६ टक्के पारा असतो. रंग व मोहरेची लाख यांत त्याचा पूर्वी मोठा वापर होई. पाऱ्यासाठी तो स्पेनमधील अल्मादेन व स्लोव्हेनियातील इद्रिया येथे शतकानुशतके खणला गेला; त्या खाणी आता बंद आहेत.

हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून अखंड खड्याचे भय कमी. खल करताना धूळ मात्र श्वासावाटे जाते. खरे संकट अग्नीवर आहे. हवेत तापविताच गंधक जळतो व पारा वाफरूपाने मोकळा होतो. ही वाफ वर्णहीन व गंधहीन असल्याने कामगारास कळतही नाही. पुढे हातांना कंप, हिरड्यांना सूज, लालास्राव, चिडचिड व निद्रानाश दिसू लागतात. म्हणून डमरूयंत्राचे संधिबंधन नवख्याच्या हाती देणे आम्हांस मान्य नाही. यंत्र स्वांगशीत झाल्याखेरीज उघडू नये. भट्टीवर धूर बाहेर ओढणारी व्यवस्था हवीच, नाकावरील रुमालाने वाफ अडत नाही. सांडलेला पारा केरसुणीने झाडू नये. थेंब टिपून झाकणबंद बाटलीत ठेवावेत, मोरीत तर कदापि सोडू नयेत.

खरेदीच्या वेळी शेंदराची भेसळही तपासावी. सौम्य नायट्रिक आम्लात शेंदूर तपकिरी होतो, हिंगूळ लालच राहतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये हिंगुळाची नोंद आहे. त्यामुळे तो असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत छापावा लागतो.