पॅरिसमध्ये गाडी बदलायची आहे? आधी स्टेशन बघा

तर मंडळी, पॅरिसला एकच असं सेंट्रल स्टेशन नाहीये. एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांनी आपापली टर्मिनस बांधली. आपल्याकडे सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रलही अशीच दोन वेगळ्या कंपन्यांची. लंडनहून युरोस्टार येते गार द्यू नॉरला. मार्सेची टीजीव्ही मात्र सुटते गार द लियाँवरून. नावावर जाऊ नका, हे स्टेशन लियाँ शहरात नाही, पॅरिसमध्येच आहे! आरईआर डी लाइनने गार द्यू नॉरपासून फक्त दुसरा स्टॉप. पण तिकिटाची रांग, जिने, हातातल्या बॅगा हेही धरा. टीजीव्हीचं तिकीट ठरलेल्या गाडीचंच असतं. ती चुकली तर नव्या तिकिटाचा भुर्दंड पडू शकतो. म्हणून बुकिंग करताना मी मध्ये दीड तास ठेवतो. तुम्हीही ठेवा.